१४ एप्रिल : जयंतीचा दिवस आणि गोदीच्या स्फोटाचा दिवस

माझगावकर

नमस्कार मंडळी. एका तारखेविषयी हा धागा काढतेय.

१४ एप्रिल म्हटलं की बाबासाहेबांची जयंती डोळ्यांसमोर उभी राहते, आणि राहायलाच हवी. आमच्या घरात मात्र आजी त्या दिवशी संध्याकाळी आणखी एक दिवा लावायची. उंबऱ्याबाहेर, जिन्याच्या कठड्यावर. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांकडेच लावतात.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज दारूगोळ्यासकट फुटलं. आजी तेव्हा सोळा वर्षांची, वर्षभरापूर्वी लग्न होऊन मांडवीच्या चाळीत आलेली. एप्रिलची उन्हं, म्हणून चाळीतल्या बायकांनी गच्चीवर उडदाचे पापड वाळत घातले होते. चार वाजून गेल्यावर आजी ते उलटायला वर गेली. ती सांगायची, “आधी पायाखालची गच्ची हलली, आवाज मागाहून आला.” मग आकाशातून कापूस पडायला लागला. शेवरीचा उडतो तसा, पण पेटलेला. एक पेटता पुंजका पापडांच्या धडप्यावर पडला आणि आजीनं तो हातातल्या लाटण्यानं बाजूला केला. तो धडपा तिनं पुढे कित्येक उन्हाळे वापरला. त्याला रुपयाएवढं भोक होतं, कडा काळ्या. पापड घालताना ती त्या भोकावर पापड ठेवत नसे, तेवढी जागा मोकळी सोडायची.

माझं म्हणणं एवढंच आहे : त्या दिवशी जे गेले त्यांत अग्निशमन दलाचे जवान होते, त्यांची नावं निदान कोरलेली आहेत. पण गोदीतले हमाल, खलाशी, वखारीतले तोलाईवाले, हातगाडीवाले? मृतांचा आकडाच कुणी ८०० सांगतं, कुणी १,३००. या दोन आकड्यांमधली जी पाचशे माणसं आहेत ती कोण होती, हे मला दरवर्षी छळतं. आणि योगायोग असा की त्याच दिवशी ज्यांचा त्रेपन्नावा वाढदिवस होता ते बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या दिवशीही ते देशाच्या कामगारांचंच खातं सांभाळत होते. त्यामुळे मला या दोन आठवणी वेगळ्या करताच येत नाहीत.

तुमच्याकडे या तारखेचं जे काही असेल, घरातलं, वाचलेलं, जगातलं, ते लिहा.

बंबवाले काका

माझगावकरताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. अग्निशमन दलात एकतीस वर्षं काढून निवृत्त झालो. आमच्यासाठी १४ एप्रिल हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि २० एप्रिलपर्यंत सप्ताह चालतो, तो या स्फोटामुळेच. भरती झाल्यावर पहिल्याच महिन्यात आम्हाला हा प्रसंग शिकवला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जहाज फेब्रुवारीत इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं : तोफगोळे, पाणसुरुंग, टॉर्पेडो, आणि त्यातली २३८ टन अतिशय नाजूक जातीची. शिवाय सोन्याच्या विटा. कराचीला काही माल उतरला आणि त्या मोकळ्या जागेत कापसाच्या ८,७०० गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, भंगार भरलं. कप्तान नेस्मिथ यांना हे मुळीच पसंत नव्हतं. पण युद्धाचे दिवस, रिकामी जागा घेऊन जहाज सोडणं परवडत नव्हतं. कापूस, तेल आणि दारूगोळा एका पोटात! आमचे प्रशिक्षक इथे थांबायचे आणि सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचे.

१२ तारखेला जहाज मुंबईत लागलं. स्फोटकं असलेल्या जहाजानं लाल बावटा लावायचा असतो, तो नव्हता. १४ तारखेला दुपारच्या जेवणानंतर दोन नंबरच्या फाळक्यातून, म्हणजे माल भरायच्या कप्प्यातून, धूर दिसला. बंब आले, पाणी सुरू झालं. आता नीट लक्ष द्या. कापूस खाली होता आणि स्फोटकं त्याच्या वरच्या मजल्यावर. गाठीच्या आत आग धुमसते, वरून मारलेलं पाणी तिथवर पोचत नाही. उलट फाळक्यात पाणी चढलं तसे जळते गठ्ठे तरंगत वर आले, दारूगोळ्याच्या जवळ. जवळजवळ ९०० टन पाणी ओतलं गेलं आणि ते उकळायला लागलं. बाहेरून जहाजाच्या अंगावरचा रंग एका जागी फुगून आला, म्हणजे आग नेमकी कुठे आहे हे दिसत होतं. तिथे पत्रा कापून भोक पाडायचा प्रयत्न झाला, पण गॅसचं कटर चाललं नाही.

जहाज गोदीबाहेर ओढून न्यायचं, की जागच्या जागी बुडवायचं, की पाणी मारत राहायचं, यावर अनेक अधिकाऱ्यांची अनेक मतं. सगळ्यांना हुकूम देईल असा एक माणूस तिथे नव्हता. चारला दहा मिनिटं असताना जहाज सोडायचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, आणि साधारण अर्ध्या तासानं दुसरा, पहिल्याहून मोठा.

आमचे ६६ जवान गेले. ८३ जखमी. नळ्या हातात धरून उभे होते.

सागरगोटा

काका, वाचून अंगावर काटा आला. एक विचारतो : पाणी मारणं हीच चूक होती का?

बंबवाले काका

चूक म्हणवत नाही हो. त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी केलं. आग लवकर कळली असती, फाळका बंद करून वाफ सोडली असती, तर वेगळं झालं असतं का, याची चर्चा आम्ही अजूनही करतो. पण खाली कापूस पेटलाय आणि डोक्यावर दारूगोळा आहे हे कळल्यावर जो नळी टाकून पळत नाही, त्याची चूक काढायला माझी जीभ धजत नाही. चौकशीत आगीचं संभाव्य कारण एखाद्यानं टाकलेलं विडी-सिगारेटचं थोटूक असं निघालं. मूळ कारण माझ्या मते कराचीतच भरलं गेलं होतं.

पंचांगवाली

माझगावकर, “आधी गच्ची हलली, मग आवाज” हे तुमच्या आजींचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. हादरा जमिनीतून हवेतल्या आवाजाच्या कितीतरी पट वेगानं पोचतो. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकावर हे स्फोट नोंदले गेले आणि पार सिमल्यापर्यंत त्यांची थरथर पोचली. सोळा वर्षांच्या मुलीनं पापड उलटताना जे टिपलं, तेच कुलाब्याच्या यंत्रानं टिपलं होतं.

धक्क्यावरचा

इथे पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल माफ करा.

माझे आजोबा गोदीत होते. साताऱ्याकडचे आम्ही, परळला बीआयटी चाळीत राहायचो. बाबासाहेब १९३४ पर्यंत त्याच आवारात राहून गेले होते, म्हणून आमच्या चाळीत जयंतीचा थाट मोठा. १९४४ ला रेशन होतं. चाळीतल्या बायांनी कित्येक आठवडे रेशनची साखर मूठ मूठ बाजूला काढून सकाळी बुंदी पाडली होती. संध्याकाळी सभा आणि भजन ठरलेलं.

आजोबांची पाळी त्या दिवशी अलेक्झांड्रा गोदीत होती, आता तिला इंदिरा गोदी म्हणतात. दक्षिणेला, लांब, म्हणून वाचले. त्यांचा चुलत भाऊ व्हिक्टोरियात होता. दोघं सकाळी एकाच ट्राममधून गेले होते, उतरताना भावानं आजोबांकडून काडेपेटी मागून घेतली. आजोबा हे सांगताना दर वेळी इथेच गप्प व्हायचे. आयुष्यभर त्यांनी पुन्हा विडी ओढली नाही. थोटकाची गोष्ट त्यांच्या कानावर कधी आली होती का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

भाऊ सापडले नाहीत. काहीच सापडलं नाही.

रात्री सभा झाली नाही. मांडवी, डोंगरीकडून माणसं पोरंबाळं, ट्रंका घेऊन चालत वर येत होती. बुंदीचा टोपला चाळीच्या तोंडाशी रस्त्यावर नेऊन ठेवला आणि येणाऱ्या पोरांच्या ओंजळीत घातली. आजोबा म्हणायचे, “त्या साली जयंती रस्त्यावर झाली.”

आजोबांचा पितळी बिल्ला माझ्याकडे आहे. नंबर झिजलाय, पण बोट फिरवलं की कळतो.

माझगावकर

धक्क्यावरचा दादा, काय लिहू? डोळे भरले. तुम्ही पहिल्यांदा लिहिलंत आणि हे लिहिलंत. माझी आजी त्या रात्री चालत गेलेल्यांपैकीच होती. ती म्हणायची की वाटेत कुणीतरी गोड खायला दिलं होतं. ते तुमच्या चाळीतलंच असेल असं म्हणायचा हट्ट करत नाही. पण आज रात्री मला तसं वाटून घ्यायचंय.

सत्यशोधक

त्या काळात मजूर खात्यात काय चाललं होतं तेही नोंदवून ठेवतो. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबाद-झरियाच्या कोळसा खाणी बघायला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. जानेवारी १९४४ च्या अखेरीस खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १९४६ साली कारखाना कायद्यात बदल होऊन आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, त्याची तयारी त्यांच्याच खात्यात झाली. गोदी कामगारांना कामाच्या नियमनाचा कायदा मिळाला तो १९४८ साली. स्फोट झाला तेव्हा गोदीतला बहुतेक हमाल रोजंदारीचा, मुकादमानं बोट दाखवलं तर आत जाणारा. त्यामुळे दुपारी त्या धक्क्यावर नेमके किती जण होते याची यादी कुणाकडेच नव्हती. माझगावकरताईंच्या त्या पाचशे माणसांचं उत्तर माझ्या मते इथे आहे.

सागरगोटा

धागा जगातल्या घटनांसाठीही खुला आहे म्हणून लिहितो. टायटॅनिकही १४ एप्रिलचीच. १९१२, रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी हिमनगाला धडक. आणि अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली तीही १४ एप्रिलला, १८६५ साली.

मोजूनमापून

माफ करा, पण टायटॅनिक बुडाली १५ तारखेला पहाटे २ वाजून २० मिनिटांनी. लिंकन गेले तेही १५ च्या सकाळी. तारखांचा धागा आहे तर तारीख काटेकोर हवी. दीड हजारांवर माणसं मेली ती १५ ला.

सागरगोटा

तुमचा मुद्दा मान्य. पण मला विचाराल तर १४ चे ते शेवटचे वीस मिनिटं फार महत्त्वाचे आहेत. धडक बसली, आणि बहुतेक प्रवाशांना काही झालंय हे कळलंही नाही. पुढच्या दोन तास चाळीस मिनिटांत जे झालं ते आधीच ठरून गेलं होतं : होड्या सगळ्यांना पुरणार नव्हत्याच. बंदर सुटलं तेव्हाच ते ठरलं होतं. फोर्ट स्टिकिनचं कराचीत ठरलं तसंच.

पोटोमॅककाठी

वॉशिंग्टनच्या परिसरात बावीस वर्षं राहतेय. फोर्ड थिएटर दहाव्या रस्त्यावर आहे. लिंकनना नाटक चालू असताना गोळी लागली, रात्री दहानंतर, आणि तो गुड फ्रायडे होता. जखमी लिंकनना रस्ता ओलांडून समोरच्या पीटरसन यांच्या घरात नेलं. खोली इतकी लहान आणि माणूस इतका उंच की पलंगावर तिरकं निजवावं लागलं. ती खोली बघायला मिळते. मी आईला घेऊन गेले होते. आई चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही. दारात उभी राहून तिनं हात जोडले आणि विचारलं, “हेच का ते गुलामांना सोडवणारे? जोतीबांच्या पुस्तकात आहेत ते?” माझ्या डोक्यात हा धागा जोडला गेला तो तिच्यामुळे.

सत्यशोधक

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, कारण धागा अगदी खरा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ काढली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवताना दाखवलेल्या औदार्य आणि स्वार्थत्यागाबद्दल. लिंकनच्या खुनाला तेव्हा आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून एक माळी समाजातला माणूस समुद्रापलीकडची ती लढाई आपली मानतो, हे मला आजही थक्क करतं.

जोतीराव गेले २८ नोव्हेंबर १८९० ला. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १४ एप्रिल १८९१ ला, महूच्या लष्करी छावणीत सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाईंच्या पोटी भीमराव जन्मले. त्यांनी पुढे बुद्ध आणि कबीर यांच्या जोडीनं फुल्यांना गुरू मानलं, आणि त्याच अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात, शिकायला गेले. १८६५ च्या तारखेपासून १८९१ च्या तारखेपर्यंत यायला मध्ये पुण्याहून जावं लागतं.

सार्वजनिक जयंतीही पुण्याचीच. १९२८ साली जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी ती पहिल्यांदा साजरी केली.

महूकर मराठी

इंदूरला चार पिढ्या आहोत, मामाचं घर महूला. २००३ पासून गावाचं नाव डॉ. आंबेडकर नगर, पण स्टेशनवर रिक्षावाला अजून ‘महू’ म्हणूनच ओरडतो. १४ एप्रिलच्या आदल्या रात्रीपासून विदर्भ-खानदेशातून माणसं येतात. मामीच्या अंगणात माठ भरून ठेवलेले असतात, कारण त्या दिवसांत इथलं ऊन फार. एका वर्षी अकोल्याकडच्या एक आजी माठाशी बसल्या, पाणी प्यायल्या आणि मामीला म्हणाल्या, “बाई, मी तुमच्या गावची सून नाही, पण इथं आलं की माहेरी आल्यावानी वाटतं.” मामीनं त्यांची ओटी भरली.

शाळामास्तर

मुलांना दिनविशेष लिहायला देतो, त्यामुळे ही तारीख माझ्या वहीत भरगच्च आहे. सरोदवादक अली अकबर खाँ यांचा जन्म १९२२ चा. गायिका शमशाद बेगम १९१९ च्या, म्हणजे जालियनवाला बागेच्या दुसऱ्या दिवशीच्या. १९५० ला रमण महर्षींचं तिरुवण्णामलैत निर्वाण, १९६३ ला राहुल सांकृत्यायन गेले. १९८१ ला कोलंबिया हे अंतराळयान पहिल्या फेरीहून परतलं. २००३ ला मानवी जनुकांचा नकाशा पूर्ण झाल्याची घोषणा. फळ्यावर हे सगळं एका ओळीत मावतं, पण मुलांना विचारलं की ‘तुझ्या घरी या तारखेला काय झालं?’ तर तिथे वही भरते. या वर्षी हा धागा वाचून दाखवीन, परवानगी असेल तर.

पंचांगवाली

तारीख एक, म्हणजे दिवस एक असतोच असं नाही, हेही मुलांना सांगा सर. १४ एप्रिलला तमिळांचं नववर्ष येतं, केरळात विशू, कारण सूर्य निरयन (ताऱ्यांवरून मोजलेल्या) मेष राशीत शिरतो. पण ही संक्रांत इंग्रजी तारखेत सुमारे ७० वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं, म्हणून आपण सहज म्हणतो की त्या दिवशी संक्रांत होती. तेव्हा मकर संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होऊन गेली होती. लढाईचा दिवस बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. सव्वा लाख बांगडी फुटली म्हणणाऱ्यांच्या दुःखात यानं काही फरक पडत नाही. पण तारीख आपण मागाहून चिकटवतो, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

मोजूनमापून

हे आवडलं. माझा काटेकोरपणा थोडा सैल करतो.

नवखी वाचक

सोन्याच्या विटा खरंच लोकांच्या घरात पडल्या होत्या का? आमच्याकडे ही गोष्ट सांगतात.

बंबवाले काका

हो, खरंच. जहाजात ३१ पेट्यांत १२४ विटा होत्या, प्रत्येक पावणेतेरा किलोच्या आसपास. एक वीट गोदीपासून लांब एका पारशी गृहस्थाच्या घरावर जाऊन पडली. त्यांनी ती सरकारजमा केली आणि मिळालेलं बक्षीस मदतनिधीला देऊन टाकलं. पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ उपसताना विटा सापडत राहिल्या. पण मला सोन्यापेक्षा ‘जलपद्म’चं जास्त वाटतं. चार हजार टनांचं जहाज, पाण्यातून उचललं जाऊन त्याची मागची बाजू शेडच्या छपरावर जाऊन बसली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मग ८,००० माणसांनी सात महिने खपून पाच लाख टन मलबा काढला. ती आठ हजार माणसंही कामगारच. त्यांच्यात कित्येक जण असे असतील जे आपल्याच भावाला शोधत होते.

माझगावकर

आणि बाहेरच्या जगाला बातमी कशी कळली बघा. युद्धामुळे सेन्सॉर. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी सविस्तर सांगितलं. आपल्या वर्तमानपत्रांना मोकळेपणानं छापायला मे महिना उजाडला. आजी म्हणायची, “आमच्या डोक्यावर आभाळ फाटलं आणि पेपरात चकार शब्द नाही.” गावी वडिलांना पत्र टाकायचं तर काय लिहावं हेच कळेना. शेवटी तिनं लिहिलं : आम्ही सुखरूप आहोत, यंदा पापड पाठवता येणार नाहीत.

मास्तर, खुशाल वाचून दाखवा. आजीला आवडलं असतं.

धक्क्यावरचा

बंबवाले काका, एक विचारायचं होतं. भायखळ्याला स्मारक आहे ना, तिथे १४ ला बाहेरच्या माणसाला येऊ देतात का? आजोबांचे भाऊ जवान नव्हते, हमाल होते. त्यांच्यासाठी फूल कुठे ठेवायचं हे आम्हाला कधी कळलं नाही. दर वर्षी मी चैत्यभूमीला जातो आणि येताना गोदीच्या भिंतीपाशी थोडा थांबतो, बस.

बंबवाले काका

या. सकाळी लवकर या, मी फाटकाशी उभा असेन. मानवंदना झाली की तुम्हाला आत नेतो. तुमच्या आजोबांचे भाऊ आणि आमची पोरं एकाच धक्क्यावर उभी होती, फूल तिथेच ठेवायचं.

माझगावकर

मीही येते. तिथून दादरला सगळे मिळून जाऊ.

धक्क्यावरचा

येतो काका. बिल्ला घेऊन येतो.